तिच्या नियमात कॅमेरा नव्हता

आष्टा, ५ जानेवारी २०२५

श्रेयस,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे बघून तू पत्र न फोडता ठेवून देशील, अशी भीती वाटते. म्हणून आधीच सांगतो, यात भांडण नाही. एक साधी विचारणा आहे. फोटो काढायला मोबाईल घ्यावा की कॅमेरा? तू कॉलेजात असताना कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडायचास. तुला त्यातलं कळतं. मी सातवी नापास माणूस, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.

फोटो तुझ्या आईचा काढायचा आहे. आपल्या सगळ्यांबरोबर. दीक्षेची तारीख ठरली, ९ फेब्रुवारी, पलूसच्या मंडपात. त्यानंतर ती आपल्या घरातली राहणार नाही. पांढरं लुगडं नेसेल, दिवसातून एकदा जेवेल, गावोगाव पायी चालेल, आणि मी तिला हात जोडून माताजी म्हणेन. तेव्हा फोटो काढणारे पुष्कळ असतील, पण ते फोटो माताजींचे. तुझ्या आईचा फोटो त्याच्या आत व्हायला हवा. आमच्या लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. नंतरचं जे काही होतं ते तुम्हा पोरांच्या मोबाईलात गेलं. मी घरात शोधलं तर तिचा एक फोटो सापडला, रेशनकार्डावरचा. त्यात ती कोण आहे ते तिलाही सांगता येणार नाही.

प्रीती साताऱ्याहून माहेरी आली होती. म्हणाली, "आप्पा, नवीन काय घ्यायचं? मी माझ्या फोनवर काढते की." पण तिच्या फोनची मला धास्ती आहे. मागच्या दिवाळीला तिनं आईचा फोटो काढला होता. चेहरा कसा गुळगुळीत, पांढराफटक. कपाळावरचं गोंदण पुसट झालं होतं आणि हनुवटीवरचा चुलीचा डाग गेलाच होता. प्रीती म्हणते, फोन आपोआप चेहरा साफ करतो. कुणी सांगितलं होतं त्याला?

आणि दुसरं कारण तुला माहीत आहे. पर्युषणात आईनं मोबाईलचा त्याग केला. हातात धरणार नाही, त्यात बघणार नाही, त्याच्यासमोर उभी राहणार नाही, असा महाराजांपुढं नियम घेतला. मग मीही माझा बटणाचा फोन प्रीतीला देऊन टाकला. नाहीतरी तू उचलत नव्हतास.

म्हणून सांगलीला कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकानदार वीरधवल म्हणून आहे, भला माणूस. हसायलाच लागला. "आजोबा, लग्नवाले सोडले तर कॅमेरा कोन घेतंय आता? फोन घ्या. काढला की लगेच पोराला पाठवला."

"पोरगा बघंल याची खात्री न्हाई," मी म्हणालो. हे मी बोलायला नको होतं. तो काउंटरची काच पुसायला लागला.

तर काय घ्यावं ते कळव. दोन ओळी लिही. मला कॅमेरा घ्यायलाही भीती वाटते. कॅमेरा म्हणजे काय, मोबाईलचाच भाऊ. तिच्या नियमाला बाध आला तर?

आप्पा


आष्टा, १६ जानेवारी

श्रेयस,

उत्तर आलं नाही. आमचा पोस्टमन नाथाजी आता लांबूनच हात हलवतो, म्हणजे काही नाही. पत्र वाटेत हरवलं असेल असं धरून चाललो आहे.

मंदिरातल्या उपाध्यांना विचारलं. पूजेची भांडी विसळत होते. म्हणाले, "नियम घेताना वैनींच्या तोंडातनं कॅमेऱ्याचं नाव निघालं व्हतं का?"

"न्हाई."

"मग काढा की फोटो. जेवढं बोललं तेवढाच नियम. पर मोबाईल काय त्यांच्या पुढं धरू नगा. नियम मोडला की प्रायश्चित्त आलं. महाराज म्हणतील, आधी ह्ये निस्तरा, दीक्षेचं चातुर्मासानंतर बघू."

मी बरं म्हणून घरी आलो. ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आहे. का राहिलं ते लिहीत नाही.

आई बरी आहे. एकदाच जेवायची सवय आत्तापासून करते आहे. मी म्हणालो, मंडपात गेल्यावर कर की, आत्ता काय घाई? तर म्हणते, "तितं जाऊन मला जमंना झालं तर तुमीच हासशीला."

हे पत्र दुपारी इथं संपवलं होतं. आई बरी आहे असं लिहून पाकीट चिकटवणार होतो. पण ते खरं नाही. मंगळवारी ती न्हाणीपाशी बसली ती उठेना. दरदरून घाम आला होता, डोळे भलतीकडं. साखर उतरली होती. मी गूळ घेऊन धावलो, पण तिची जेवायची वेळ होऊन गेली होती, तोंड उघडेना. मी ओरडलो, "त्रिशला, गिळ ते. पाप माझं." मग गिळलं. पाणी प्यायली आणि पहिलं काय म्हणाली माहीत आहे? "तुमचा चहा ऱ्हायला आज."

त्या दिवसापासून ती न्हाणीत गेली की मी बाहेर पायरीवर बसतो. लोटा वाजला की बरं वाटतं. पलूसला पायरीवर कोण बसणार? तिथं बाकीच्या साध्वी, आर्यिका, आहेत, काळजी घेतात, असं सगळे सांगतात. मी मान हलवतो.

प्रीतीच्या फोनवर तू म्हणाला होतास, "तुम्ही आईला अडवत का नाही? तुम्ही परवानगी दिली नाही तर तिला जाता येणार नाही." आणि फोन ठेवलास. अडवायचं कसं, ते मात्र सांगितलं नाहीस.

आप्पा


आष्टा, २९ जानेवारी

श्रेयस,

तुझं पार्सल पोचलं. नाथाजीनं दारात उभं राहून सही घेतली आणि विचारलं, "पोराचं का वो? काय धाडलंय?" मी म्हणालो, औषधं.

पेटीत मोबाईल आणि तुझी चिठ्ठी. मी ती वाचून फाडली. नंतर तुकडे गोळा केले, पुन्हा वाचली आणि बंबात घातली. शब्द पाठच झाले आहेत. "मी येणार नाही. घरी सगळे जमतील त्या दिवशी फोन येईल. हिरव्या खुणेवरून बोट वर सरकवा आणि आईसमोर धरा. मला ती दिसू दे. नियम मोडला तर मोडू दे. तेवढंच ती राहील."

उपाध्यांचं बोलणं मी तुला सहज लिहिलं होतं. खरंच सहज लिहिलं होतं का, हे आता मलाच सांगता येत नाही.

फोन कुठं ठेवावा कळेना. कपाट ती रोज उघडते, एकेक वस्तू काढून वाटते आहे. शेवटी तांदळाच्या डब्यात खुपसला. बंद कसा करायचा ते माहीत नव्हतं. तू मधेच एकदा लावून बघितलास ना? परवा सकाळी? ती भाकरी थापत होती आणि डबा वाजायला लागला.

ती म्हणाली, "आवं, तांदूळ वाजाय लागलाय तुमचा."

आणि तव्यावरची भाकरी तशीच टाकून परड्यात गेली. मी कोपरापर्यंत हात घालून तांदळात चाचपडत होतो. सापडेपर्यंत आवाज थांबला होता आणि भाकरी करपली होती.

मी परड्यात गेलो. शेवग्याखाली पाठमोरी उभी होती. मला वाटलं, आता विचारेल.

"कुनाचा हाय ते मी इचारनार न्हाई," ती म्हणाली. "पर घरात नगा ठेवू. वाजला की अजून काळीज हालतंय माझं."

"मग सोडलास कशाला?"

"हालतंय म्हणूनच की. शेजारची राजेश्वरी मला म्हणाली, आगं कारल्याचा त्याग केला असतास तर सोपं गेलं असतं. आवडत न्हाई त्ये सोडून काय मिळतंय? रविवारी सांजच्याला मांडीवर फोन घेऊन बसत व्हते, ठावं हाय न्हवं? पोराचा वाजला तर ठेवल्यावर पुढच्या रविवारची वाट. न्हाई वाजला तर आत्ताची वाट. म्हाराजांनी सांगितलं, जे सुटत न्हाई त्ये सोडा. मला दुसरं काय व्हतं न सुटनारं?"

मी म्हणालो, "मी हाय की."

"तुमी कवाच सुटलाय," म्हणाली आणि हसली. नंतर पदरानं डोळेही पुसले, पण ते धुरानं असतील.

श्रेयस, तू प्रीतीला म्हणाला होतास की आईनं मोबाईल सोडला म्हणजे मलाच टाकलं. आईनं मला हे तुला कळवायला सांगितलेलं नाही. मीच कळवतो आहे.

त्याच दिवशी तिनं आपली पेटी रिकामी केली. लुगडी जावांना, चांदीची भांडी प्रीतीला. तळाशी जुन्या लुगड्याच्या फडक्यात तुझा कॅमेरा निघाला, चांदीच्या रंगाचा, कॉलेजातला. मला म्हणाली, "ह्ये श्रेयसचं हाय. ह्ये मी कुनाला देऊ? तुमी ठेवा."

मी भीतभीत विचारलं, "यात तुझा फोटो काढला तर चालंल?"

तिनं फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "ह्याचं नाव मी घेतलं न्हवतं."

कॅमेरा घेऊन लगोलग सांगली गाठली. वीरधवलनं कुठलातरी चार्जर लावून तो चालू केला. म्हणाला, "चालतोय, पर बॅटरीत जीव न्हाई आजोबा. जपून." एक नवीन गोष्ट शिकवली. कॅमेरा स्टुलावर ठेवून बटण दाबायचं, लाल दिवा लुकलुकतो, तेवढ्यात आपण जाऊन सगळ्यांत बसायचं. मी दुकानात तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा मी बसायच्या आत फोटो निघाला. वीरधवल म्हणाला, "आजोबा, पळायचं नसतंय, नुसतं चालायचं. पळालं की धाप तेवढी लागती." मला ते जमेल असं वाटत नाही.

आता माझ्याजवळ दोन्ही आहेत. फोन गोठ्यात, पेंडीच्या पोत्यामागं, रात्री ती झोपली की तिथंच चार्जिंगला लावतो. कॅमेरा उशाशी. घरी ओटी भरायचा कार्यक्रम ७ तारखेला आहे. काय करू ते तू सांगितलंच आहेस. माझं मलाच अजून ठरवता येत नाही. तिला न्हाणीपाशी घामाघूम पडलेली तू बघितली असतीस तर तू काय, मीही त्याच क्षणी फोन तिच्या तोंडापुढं धरला असता.

आप्पा


आष्टा, ८ फेब्रुवारी

श्रेयस,

काल संध्याकाळी तुला फोनवर नुसतं काळं दिसलं असेल. फोन बिघडला नव्हता. माझा हात होता.

सगळं सांगतो. तू अर्धं ऐकलंच आहेस.

घर भरलं होतं. प्रीती, तिच्या सासरची माणसं, भावकी, मंदिरातल्या बायका. आईला नवरीसारखं सजवलं होतं. हिरवी साडी, मेंदी, अंगावर दागिने, शेवटचे. आज पलूसला निघताना ते उतरले. बायका तिची ओटी भरत होत्या आणि ती प्रत्येकीला म्हणत होती, "कवा काय लागंल असं बोलले असंन तर माफ करा." राजेश्वरी म्हणाली, "आगं, चटणीची वाटी नेलीस ती कवा देनार त्ये सांग आधी." सगळ्या हसल्या. आईही हसली.

फोन माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होता. काच बाहेरच्या बाजूला, वर डोकावणारी. तो थरथरायला लागला तसा मी आत गेलो, हिरव्या खुणेवर बोट सरकवलं. तुझा चेहरा दिसला. दाढी वाढवली आहेस. तू "आप्पा" म्हणालास. मी फोन तसाच खिशात सरकवला आणि बाहेर आलो.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते लिहितो. मी ठरवून आलो होतो. तिच्यासमोर उभं राहायचं, एवढंच. तिनं बघितलं की नियम मोडेल. पलूसचा मंडप तसाच उभा राहील आणि ती घरी राहील. रडेल, माझ्याशी बोलणार नाही, पण न्हाणीत लोटा वाजेल.

ती उठून माझ्याकडंच येत होती. माझी माफी मागायची राहिली होती. वाकायला लागली आणि माझा हात आपोआप वर गेला, खिशावर. पंजानं खिसा झाकला. तुला काळं दिसलं ते तेव्हापासून.

ती वाकली ती तशीच थांबली. पुढचं तू ऐकलंस. पण तिचं तोंड तुला दिसलं नाही. माफीचं सगळं विसरून गेली. गोंदणापाशी आठी पडली.

"छातीवर हात का धरलाय? दुखतंय का?"

"न्हाई. असंच."

"खरं सांगा. घाम आलाय तुमाला. दुखत असंल तर सांगा, मी थांबते. आवं, मी थांबते. म्हाराजांना निरोप धाडू."

श्रेयस, एवढंच हवं होतं ना तुला? मलाही तेच हवं होतं. एक शब्द. फोन दाखवायचीही गरज नव्हती, नियमही मोडत नव्हता. दुखतंय म्हणायचं. आणि ते खोटंही नव्हतं.

सगळं घर माझ्याकडं बघत होतं. हाताखाली तुझा आवाज हलत होता. तू काहीतरी म्हणत होतास. मी पंजा दाबून धरला.

मी म्हणालो, "न्हाई दुखत."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. तुला माहीत आहे, तिला खोटं लगेच कळतं. तिला कळलं असावं. तिनं माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "लय झालं. आता बसा."

मग प्रीती म्हणाली, "आप्पा, फोटो." कॅमेरा स्टुलावर ठेवला. सगळे बसले. आईच्या शेजारची जागा माझ्यासाठी ठेवली होती. मी बटण दाबलं, लाल दिवा लुकलुकायला लागला. पळालो नाही. चालत गेलो आणि बसलो. ती दिव्याकडं बघत म्हणाली, "आता हासायचं व्हय?" आणि फोटो निघाला.

त्यानंतर फोन कधी बंद झाला मला माहीत नाही. गोठ्यात जाऊन बघितला तर काच काळी होती. तू रागानं ठेवलास की चार्जिंग संपलं?

आम्ही आता पलूसला निघतो. गाडी दारात आली आहे. पत्र नाथाजीच्या हातात देतो आहे.

आप्पा


आष्टा, १५ फेब्रुवारी

श्रेयस,

दीक्षा झाली. केशलोच सुरू झाला तेव्हा मी मान खाली घातली. केस उपटताना ती आवाज काढेल असं वाटत होतं. काढला नाही. मी घामाकडं बघत होतो, कपाळावर, मानेवर. ऊन होतं, सगळ्यांनाच घाम आला होता, त्यातला कोणता साखरेचा हे मला लांबून कसं कळणार? नंतर रांगेत उभा राहून मी हात जोडले आणि माताजी म्हणालो. त्यांनी आशीर्वादाचा हात केला. मला जसा केला तसाच मागच्याला केला.

एका आर्यिकांना मी साखरेचं सांगितलं. म्हणाल्या, लक्ष ठेवू. मी पुन्हा सांगितलं. म्हणाल्या, "आजोबा, ऐकलं." संघ आता पुढच्या गावाला गेला. मी मंगळवारी एसटीनं जाऊन माताजींना लांबून बघून आलो. चालत होत्या. हळू, पण चालत होत्या. पुढच्या मंगळवारीही जाईन.

घरात मी न्हाणीत गेलो की लोटा जोरात ठेवतो. कशासाठी, काही कळत नाही.

काल तुझा फोन वाजला. प्रीतीनं चार्ज करून दिला होता. तू एकच बोललास. "आप्पा, तो फोटो पाठवा." मी हो म्हणालो आणि सांगलीला वीरधवलकडं गेलो. तो म्हणाला, "द्या इकडं, मिनिटात पोराच्या मोबाईलवर टाकतो." त्यानं हात पुढं केला आणि मी कॅमेरा काढून घेतला. तो म्हणाला, "काय झालं वो?" मी म्हणालो, काही नाही. आणि परत आलो.

फोटो पाठवणार नाही. छापूनही पाठवणार नाही. रागानं नाही, भीतीनं. एकदा तो तुझ्या मोबाईलात गेला की तुला या घराकडं यायला काय राहिलं? आई नाही. मी आहे, पण मी कवाच सुटलेला माणूस.

फोटो बरा आला आहे. थोडा तिरका आहे. आईचं गोंदण दिसतं, हनुवटीवरचा डागही दिसतो. ती अजून हसलेली नाही, हसायच्या बेतात आहे. प्रीतीचे डोळे मिटलेत. आणि माझा हात, श्रेयस, छातीवरच आहे. लोकांना वाटेल म्हातारा पोझ देऊन बसलाय. त्या हाताखाली फोन होता आणि फोन चालू होता. म्हणजे फोटोत आपण सगळे आलो. हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. याचा तिच्या नियमाला बाध येतो का, हे उपाध्यांना विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

बॅटरीचं एकच घर उरलं आहे. वीरधवल म्हणतो, बॅटरी गेली तरी फोटो आत राहतो. त्याचं खरं असेल. पण मी तो रोज थोडाच वेळ उघडतो आणि लगेच बंद करतो. उद्या उघडेल की नाही सांगता येत नाही. म्हणून फार उशीर करू नकोस.

त्याची मागची काच आगपेटीएवढी आहे. मला एकट्याला चष्मा लावूनही सगळे ओळखू येत नाहीत. दोघांनी डोकी जवळ आणून बघावं लागेल.

आप्पा